एकाच भिंतीसाठी दोनदा

गावात कुणाला जुनं काही विचारायचं असलं की लोक माझ्या दारात येतात. पूल होण्याआधी नदी कुठून ओलांडायचे, अमक्याच्या कुंपणाची खरी हद्द कोणत्या झाडापाशी, कुणाच्या लग्नात अकॉर्डियनवाला पिऊन तबेल्यात झोपला. मी सांगते आणि ते मान डोलावून जातात. माझं सांगणं खोडून काढतील अशी माणसं आता फारशी हयात नाहीत, हेच माझ्या स्मरणशक्तीचं खरं बळ. पण त्या वर्षीच्या मार्चपर्यंत मला ते कळलं नव्हतं. मी त्याला बुद्धी समजत होते.

घर माझ्या वडिलांनी बांधलेलं. लाकडी खांब, बोरूच्या काठ्यांचा दुहेरी कूड, मधे माती आणि पेंढा, वर कौलं. चाळीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला मी सिमेंटचा गिलावा करून घेतला. अख्ख्या गावात पहिला. लोक बघायला आले, तेव्हा मी हात मागे बांधून भिंतीपुढे अशी उभी होते की सिमेंटचा शोध जणू मीच लावला. मातीला श्वास घ्यायला लागतो, हे मला निकोलासा तेव्हाच म्हणाली होती. निकोलासा समोरच्या घरात राहते. तिच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. मी तिला म्हटलं, “कोमाद्रे, भिंतीला नाक नसतं.”

चाळीस वर्षं ती भिंत सिमेंटच्या आत मुकाट्याने कुजत राहिली. त्या वर्षी जानेवारीत मी तिला झाडू टेकवून ठेवला, तर दांडा आरपार गेला.

माझा मुलगा ओल्मेदो राजधानीत असतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो खूश झाल्यासारखा वाटला.

“आई, सिमेंटचे ठोकळे पाठवतो. गवंडी चार दिवसांत भिंत उभी करेल.”

“माझ्या बापाच्या घराला ठोकळे?”

“मग कुणाच्या घराला? बाकीच्यांनी केव्हाच लावलेत.”

“मी इर्जिक घालणार आहे. गावाला बोलावणार, जेवू घालणार, आणि मातीची भिंत उभी करून घेणार. तुझ्या आजोबांनी केलं तसं.”

“आता कोण येतं चिखल तुडवायला?”

“मला कोण नाही म्हणेल?”

ओल्मेदो लहानपणापासून भांडत नाही, तारीख देतो. “बरं. मी ईस्टरच्या पवित्र आठवड्यात येतो. तोवर मातीची भिंत उभी असेल तर तुझं खरं. नसेल तर माझ्या मागोमाग ठोकळ्यांचा ट्रक येईल.”

एक भिंत ठोकळ्यांची झाली की बाकीच्या तीन त्याच वाटेने जाणार, हे मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी मी टपाल कचेरीसारख्या खोक्यात राहत असेन.

तेव्हा मी कामाला लागले, म्हणजे चेबोला कामाला लावलं. चेबो आमचा सुतार, सत्तरीचा, कमी बोलणारा. त्याने कृष्णपक्षात बोरू तोडून आणला, म्हणजे कीड लागत नाही. जुनी भिंत उतरवली, दोन खांब बदलले, काठ्या आडव्या लावून वेलीने बांधल्या. पिंजरा असा सुरेख झाला की मला तो तसाच ठेवावासा वाटला. राहिली माती.

निकोलासा रस्ता ओलांडून आली. “माती कुठली घेणार?”

“नदीकाठची. वळणावरची, उंबराच्या खालची.”

“ती? अगं, ती भुसभुशीत आहे. सेदेन्योंच्या गोठ्यामागची लाल घे. तुझ्या वडिलांनीही तिथलीच आणली होती.”

मी हसले. अजून आठवतं, कसं हसले ते. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या उत्तरावर हसावं तसं. “कोमाद्रे, त्या दिवशी मी चिखलात होते. सात वर्षांची. माझ्या पायांना तो गारा अजून आठवतो. गार, मऊ, लोण्यासारखा, एक खडा टोचला नाही. गोठ्यामागची माती खड्यांनी भरलेली आहे.”

निकोलासाने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पायांकडे.

“निदान गोळा करून बघ,” ती म्हणाली. “खांद्याएवढ्या उंचीवरून टाक. फुटून विखुरला तर माती वाईट.”

“आपल्या आईची कुणी परीक्षा घेतं का?”

“ती तुझी आई नाही. रेती आहे.”

मी चेबोला विचारलं. चेबोने टोपी काढली, पुन्हा घातली. “दोन्या दीदिमा म्हणतायत तर असेल,” तो म्हणाला. गावात मला सगळे असंच मानाने दोन्या म्हणतात. त्याचा तो ‘असेल’ मी तेव्हा नीट ऐकला असता तर फार बरं झालं असतं.

शनिवारी इर्जिक झाली. कोंबड्यांचा आणि कंदांचा सांकोचो तीन हंड्यांत शिजत होता, प्यायला मक्याची चिचा होती, पुरुषांसाठी सेको दारूच्या बाटल्या होत्या, आणि अंगणात नदीची माती ढीग घालून भिजवलेली होती. लोक आले, पँटी वर केल्या, परकर खोचले आणि गोल धरून तुडवू लागले. कुणी लांब हाक घातली की दुसरं कुणी तशीच हाक परत द्यायचं. कोरड्या कपड्यांत उभा राहील त्याच्या पाठीवर चिखलाचा गोळा बसायचा, ही रीतच आहे. माझ्या पाठीवर कुणी फेकला नाही. मला वाटलं, आदराने.

आणि मग मी स्टुलावर चढून भाषण केलं.

नको होतं करायला. पण इतके लोक एका जागी रुतून उभे राहिलेले मला पुन्हा कुठे मिळणार होते? मी त्यांना वडिलांच्या इर्जिकीची गोष्ट सांगितली, सात वर्षांच्या दीदिमाची, गार लोण्यासारख्या चिखलाची, बोटांच्या फटींतून वर येणाऱ्या त्या मऊ मातीची. दोन बायकांनी डोळे पुसले. त्या चिखलाच्या हातांनी पुसत असल्यामुळे अश्रू होते की नाही हे सांगता येणार नाही. निकोलासा मात्र खाली बघून तुडवत होती. संध्याकाळपर्यंत काठ्यांच्या पिंजऱ्यात दोन्ही बाजूंनी माती दाबून भरली गेली. हाताने सारवून गुळगुळीत केली. मी तिच्यासमोर उभी राहिले. हात मागे बांधून.

बुधवारी सकाळी मी झोपायच्या झग्यात कॉफी गाळत होते, तेव्हा कुणी खांद्यावरचं पोतं टाकावं तसा आवाज झाला. मग दुसरं पोतं. मग सगळं गोदामच. धूळ खाली बसली, तेव्हा भिंत जमिनीवर होती, शिळ्या बिस्किटाच्या चुऱ्यासारखी. काठ्यांचा पिंजरा मात्र जागच्या जागी, आणि आत मी, हातात गाळणं. पुढचं मागचं दोन्ही दारं उघडी असल्याने घरातून सगळं आरपार दिसत होतं. समोरच्या ओसरीवरून निकोलासा माझ्याकडे बघत होती.

“बुएनोस दीआस, कोमाद्रे,” ती तिथूनच म्हणाली. “आज घरात वारा छान येतोय.”

मी वर बघून म्हटलं, “माती फसवी निघाली.”

निकोलासा उठली. तिचा डावा गुडघा दुखतो, त्यामुळे तिला रस्ता ओलांडायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात मी आणखी तीन कारणं तयार केली: पाणी जास्त झालं, पेंढा जुना होता, चेबोने काठ्या लांब लांब बांधल्या. ती येऊन दाराशी बसली आणि तिने त्यातलं एकही ऐकलं नाही.

“दीदिमा,” ती म्हणाली. कोमाद्रे नाही, दीदिमा. “त्या इर्जिकीत तू चिखलात नव्हतीस.”

“म्हणजे?”

“तुझ्या पायांना खरूज झाली होती. नडग्यांवर गंधकाचं मलम. तुझ्या आईने तुला मक्याच्या उखळावर बसवलं होतं, पालथ्या घातलेल्या. पायांना पट्ट्या बांधून. तू दिवसभर रडलीस.”

मी तोंड उघडलं. मलमाचा वास आला. एकाएकी, सत्तर वर्षांनी, कुजक्या अंड्यासारखा तो वास आला, आणि पट्टीच्या खाली खाजणारं, खाजवू न देणारं सगळं आठवलं.

“मग ते पाय?” मी विचारलं. “तो गार चिखल, बोटांच्या फटींतून…”

“माझे पाय. संध्याकाळी मी तुझ्याजवळ येऊन बसले आणि तुला सांगितलं, कसं वाटतं ते. तू मला तीनदा सांगायला लावलंस.”

“आणि मऊ? लोण्यासारखं?”

“मी गार म्हटलं होतं. लोणी तू घातलंस. आपण आंघोळीला जायचो ना उंबराखाली, तिथलं असेल.”

मी खाली पडलेल्या भिंतीवर बसले. बसायला जागा दुसरी नव्हती. एवढी वर्षं मी तिचे पाय घालून गावभर हिंडत होते. लग्नांत, बारशांत, तिच्याच मुलाच्या बाप्तिस्म्यात सांगितलं होतं मी ते. ती समोर बसलेली असताना.

“तू कधी काही बोलली कशी नाहीस?”

निकोलासाने पदर झटकल्यासारखा स्कर्ट झटकला. “तू छान सांगायचीस. मी सांगितलं असतं तर गार चिखल होता एवढंच झालं असतं.”

त्यानंतर आम्ही दोघींनी कॉफी घेतली. वारा खरंच छान येत होता.

पवित्र आठवडा अठरा दिवसांवर होता. तुडवायला एक दिवस, सुकायला निदान दहा. एकाच भिंतीसाठी एकाच उन्हाळ्यात दोनदा गावाला कुणी बोलावल्याचं मला आठवत नव्हतं, आणि माझ्या आठवण्याला आता किती किंमत होती हे आम्ही दोघी जाणून होतो. मी निकोलासाला विचारलं. तिलाही आठवत नव्हतं. म्हणजे खरंच कुणी बोलावलं नव्हतं.

“तू येशील?” मी म्हटलं.

“दोन अटी. माती मी निवडणार.”

“कबूल.”

“आणि तू चिखलात उतरणार.”

“मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे!”

“मी अठ्ठ्याहत्तर. मी गेल्या शनिवारी उतरले होते. तू स्टुलावर होतीस.”

पहिल्या वेळी बोलावणं माझ्या नातीने फोनवर सगळ्यांना एकदम धाडलं होतं, गुलाबाच्या चित्रासकट. या वेळी दारोदार जावं लागणार होतं. वाटेत मी माफीचं वाक्य पाठ केलं. साधंच होतं: माझं चुकलं, माती मी चुकीची निवडली, पुन्हा या. पहिल्याच घरी, म्हणजे शाळेतल्या दालीसबाईंच्या दारात, माझ्या तोंडून निघालं, “यंदा नदीची माती बिघडलीय.”

“बिघडली?” दालीस म्हणाली. ती माझ्या हाताखाली वाढलेली पोर, आता गावातली सगळ्यांत वरचढ जीभ. “दूध आहे का ती? कुणी निवडली होती, दोन्या दीदिमा?”

“मी.”

“का बरं?”

“कारण मला आठवत होतं.”

“काय आठवत होतं?”

निकोलासा शेजारी उभी होती, शांत. मी सगळं सांगितलं. खरूज, गंधक, उखळ, पाय कुणाचे ते. दालीसने आतून नवऱ्याला हाक मारली, “अहो, या बाहेर, हे ऐका,” आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग शेजारीण आली, तिच्यासाठी तिसऱ्यांदा.

मला वाटलं होतं, शरमेने जीव जाईल. गेला नाही. उलट चौथ्या घरी जाईपर्यंत लोक दारात आधीच खुर्ची मांडून बसलेले होते. बातमी आमच्या पुढे चालत होती. गावाच्या स्मरणशक्तीला खरूज झाली होती, आणि हे ऐकायला माणसं किती वर्षं थांबली होती, देव जाणे. आणि माझा स्वभाव बघा. पाचव्या घरी भिंत पडताना एक कोंबडी खाली सापडली. सहाव्या घरी ती कोंबडी अंड्यावर बसलेली होती.

बाहेर पडल्यावर निकोलासा म्हणाली, “कोंबडी नव्हती.”

“गोष्टीला बरी दिसते.”

“दीदिमा.”

सातव्या घरी कोंबडी नव्हती. गोष्ट जरा पडली, पण लोकांनी येतो म्हणून सांगितलं. म्हणजे, कुणीच तोंडाने हो म्हटलं नाही. ‘बघू,’ म्हणाले, ‘गुरांचं झालं तर,’ ‘माझी कंबर बघते आधी.’ पहिल्या वेळी सगळ्यांनी हो म्हटलं होतं, म्हणून मला हे जास्त भीतीचं वाटलं. चेबोकडे गेलो, तर तो म्हणाला, “काठ्या जवळ जवळ बांधलेल्या आहेत माझ्या.” मी त्याला काही दोष दिल्याचं त्याच्यापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक. मी त्याचीही माफी मागितली. तो ‘असेल’ म्हणाला.

निकोलासाने माती निवडली. गोठ्यामागची लाल. तिने गोळा केला, माझ्या हातात दिला, खांद्याएवढ्या उंचीवरून टाकायला लावला. गोळा चपटा झाला, कडेला दोन भेगा, फुटला नाही. शेजारी तिने नदीच्या मातीचाही एक टाकून दाखवला. गरज नव्हती. पण तिने सत्तर वर्षं धीर धरला होता, तेवढा हक्क तिचा होता.

शनिवारी सकाळी सांकोचो शिजायला लावला आणि मी रस्त्याकडे तोंड करून बसले. सात वाजले. आठ वाजले. हंडे या वेळीही तीन लावले होते, आणि मला वाटायला लागलं की महिनाभर मी एकटी कंद खात बसणार, आणि ठोकळ्यांच्या घरात बसून खाणार. निकोलासा लाल मातीवर पाणी शिंपत होती. तिने रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही.

साडेआठला दालीस आली, परकर आधीच खोचलेला. तिच्यामागे नवरा, त्याच्यामागे शेजारीण, कंबरेवर हात ठेवून आणि कंबरेला शिव्या देत. मग गुरांचं झालेले. मग मी ज्यांच्या घरी गेलेच नव्हते असे दोघे. चेबो आला, त्याने कुडाच्या वेली एकेक ओढून बघितल्या, सगळ्यांना दिसेल असं.

“चला,” निकोलासा म्हणाली आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

मी सपाता काढल्या. माझे पाय काही बघण्यासारखे नाहीत, पण त्या दिवशी अख्ख्या गावाने बघितले. “खरूज गेली का हो?” कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, “तुझ्या आजीला दिली.” निकोलासाने माझा दंड धरला आणि मी आत उतरले.

मी सांगते कसं होतं ते. गार होतं, तेवढं खरं. बाकी मऊ वगैरे काही नव्हतं. त्या मातीत खडेच खडे, आणि पेंढ्याची टोकं सुयांसारखी. तिसऱ्या पावलाला टाचेखाली असा एक दगड आला की मी आकाशाकडे तोंड करून ओरडले. जोरात, लांब, खालून वर चढत गेलेली किंकाळी. टेकडीवर कुणी गुरं राखत होता. त्याने ती ऐकली, आणि अगदी सुरात तिला उत्तर दिलं.

मग काय, आवरणं कठीण. दालीस हसता हसता चिखलात बसली. दर वेळी दगड टोचला की मी ओरडायची, आणि टेकडीवरून उत्तर यायचं. माझ्या आयुष्यात मला इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. आणि माझ्या पाठीवर गोळा बसला. मागून, ओला, दोन खांद्यांच्या मधोमध. मी वळले. निकोलासा हात पुसत होती.

“हे कशाबद्दल?” मी विचारलं.

“माझ्या पायांबद्दल,” ती म्हणाली.

मी एक मूठ उचलली आणि तिला मारली. नेम चुकला, चेबोला लागली. तो ‘असेल’ म्हणाला नाही, त्याने काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुपारी भिंत भरायला घेतली. मी आतल्या बाजूने, निकोलासा बाहेरून. काठ्यांच्या फटीतून माती दाबताना पलीकडून तिचा हात लागायचा, तो हात तिथेच थांबवून मधली पोकळी भरली की नाही बघायचं आणि मग पुढे सरकायचं. संध्याकाळी माझे पाय सुजून पावासारखे झाले. पण ती भिंत रविवारी उभी होती. बुधवारी सकाळी कॉफी गाळताना मी एका हाताने दाराची चौकट धरून ठेवली होती. बुधवारीही ती उभी होती. अकराव्या दिवशी लाल रंग फिका पडला, केसाएवढ्या भेगा आल्या, निकोलासाने नख घालून त्या मोजल्यासारख्या तपासल्या आणि पातळ गाऱ्याचा एक हात दिला.

ओल्मेदो पवित्र आठवड्याच्या बुधवारी आला. ट्रकवाल्याला त्याने शेजारच्या गावात थांबवून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. मग तळहाताने. मग सगळा खांदा लावून रेटून पाहिलं, चाळीस वर्षं आईला ओळखणाऱ्या मुलाने बघावं तसं. भिंत हलली नाही. तो अंगणात गेला, ट्रकवाल्याशी फोनवर काहीतरी हळू आवाजात बोलला आणि परत आला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “तुझं खरं.”

मी काही बोलले नाही. फार जड गेलं.

“किती लोक आले होते, आई?”

चाळीस. माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. कुंपणापर्यंत रांग, टेकडीवरून खाली धावत येणारी माणसं, हंड्यात पळी बुडेना इतका सांकोचो संपलेला, सगळं मला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होतं.

“थांब,” मी म्हटलं, आणि दारात जाऊन रस्त्यापलीकडे ओरडले. “कोमाद्रे! त्या शनिवारी किती जण होतो आपण?”

निकोलासा ओसरीवर शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“तेवीस,” ती म्हणाली. “त्यातले दोघं नुसते जेवून गेले.”